अहेरीचं जंगल सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा

तुमच्यापैकी कुणी कायदा किंवा राज्यशास्त्र घेऊन नेट-सेटची तयारी केली असेल, तर ‘विश्वेश्वर राव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ हा १९५२ चा खटला तुमच्या वहीत असणारच. एका ओळीत. ‘जमीनदारी निर्मूलन कायदा वैध, अनुच्छेद ३१, नववी अनुसूची.’ बिहारच्या कामेश्वर सिंहांच्या खटल्याखाली, जोडीला म्हणून लिहिलेला. माझ्याही वहीत तो तसाच होता. पुढे मूळ निकाल वाचायला घेतला आणि पहिल्याच पानांवर थबकले. अर्जदार कोण? चांदा जिल्ह्याच्या सिरोंचा तहसिलीतल्या अहेरी जमीनदारीचे आणि गडचिरोली तहसिलीतल्या ऐंशी मालगुजारी गावांचे मालक.

म्हणजे आपण ज्याला घटनात्मक कायद्याचा खटला म्हणून पाठ करतो, तो अहेरी, एटापल्ली, भामरागडच्या जंगलाचा खटला होता. आजचे हे तालुके त्या एका जमीनदारीत येत. सागवान, बांबू, मोह, तेंदू आणि त्यात राहणारे माडिया. निकाल शेवटपर्यंत वाचा. जमीनदाराची मालकी, राज्याचा अधिकार, नुकसानभरपाई, सार्वजनिक प्रयोजन, विधेयकावर संमती कुणी कशी दिली, सगळं आहे. त्या जंगलात राहणाऱ्या माणसांचं त्यावर काय होतं, हा प्रश्न मात्र खटल्यात नाही. न्यायमूर्तींचा त्यात दोष नाही म्हणा. त्यांच्यापुढे दोनच पक्ष होते, आणि कोर्ट समोर आलेल्या पक्षांचाच निवाडा करतं.

आजच्या लेखात मला तुम्हाला त्या तिसऱ्या, गैरहजर पक्षाचा माग काढून दाखवायचा आहे. त्यासाठी एक शब्द हाताशी ठेवा: निस्तार.

पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला ‘निस्तरणे’ माहीत असतं, म्हणजे झालेला घोळ आवरणे. पूर्व विदर्भात आणि पलीकडे छत्तीसगड-मध्य प्रदेशात ‘निस्तार’चा अर्थ वेगळा आहे. घर चालायला रोज जे जंगलातून लागतं ते सगळं म्हणजे निस्तार. जळाऊ लाकूड, कुडाला बांबू, छपराला गवत, नांगराला लाकूड, कुंपणाला काटे, गुरांना चराई. मुळात ‘तरून जाणे’ हाच त्याचा धातू. वर्ष तरून जाण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी, असं मी समजते.

आता हा निस्तार हक्क आहे की कुणी दिलेली सवलत? दीडशे वर्षांचा सगळा वाद या एका प्रश्नाभोवती फिरतो.

मागे जाऊ या. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि चांद्याचा मुलूख त्यांच्याकडे आला. अहेरीचे जमीनदार राजगोंड, आत्राम घराण्याचे. हे लक्षात ठेवा, कारण ‘बाहेरचा जमीनदार आणि आतला आदिवासी’ हा साचा इथे बसत नाही. जमीनदारही गोंड, रयतही बरीचशी गोंड-माडिया. पण दोघांचं जंगलाशी नातं एक नव्हतं. १८५८ मध्ये मोलमपल्लीच्या बाबूराव शेडमाक्यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्यांना पकडून द्यायला मदत झाली ती अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंची. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूरावांना चांद्याला फाशी झाली, आणि अडपल्ली-घोटच्या जमीनदाऱ्या अहेरीला बक्षीस मिळाल्या. जमीनदारीची ‘मालकी’ म्हणजे काय चीज होती ते यातून दिसतं. सरकारनिष्ठेच्या बदल्यात मिळणारी, सनदेनं टिकणारी आणि सरकारला काढून घेता येणारी वस्तू होती ती.

बंदोबस्ताच्या वेळी गावागावाचा एक कागद तयार झाला. त्याचं नाव ‘वाजिब-उल-अर्ज’. गावाचा रिवाज काय, तो त्यात उतरवायचा. रयतेनं जमीनदाराच्या जंगलातून काय न्यायचं, कशासाठी न्यायचं, कशाला हात लावायचा नाही, त्या बदल्यात काय द्यायचं. सागवानासारखी किमती झाडं सहसा निस्तारातून वगळलेली असत. ही काही रामराज्याची गोष्ट नाही. वेठ होती, देणी होती, जमीनदार ठेकेदारांना जंगल विकतही होते. तरी एक गोष्ट होती: गावाचा जंगलावरचा वापर कुठेतरी कागदावर होता, आणि तो ‘गावाचा रिवाज’ म्हणून होता.

याच सुमारास सरकारी जंगलांबद्दल वरच्या पातळीवर भांडण चाललं होतं. १८६५ चा पहिला वन कायदा अपुरा वाटू लागला आणि नव्या कायद्याची तयारी सुरू झाली. बेडन-पॉवेल नावाच्या अधिकाऱ्याचं (स्काउटवाल्याचा हा थोरला सावत्र भाऊ) म्हणणं असं की राज्यानं स्पष्ट शब्दांत दिलेला असेल तोच हक्क. नुसती वहिवाट असेल तर ती सवलत, आणि सवलत सरकारला कधीही काढता येते. मद्रास सरकारनं याला कडाडून विरोध केला: जंगलं गावांच्या वापरात पूर्वापार आहेत, तुम्ही ती एका कायद्यानं सरकारी कशी करता? वनखात्याचा प्रमुख ब्रँडिस मधला मार्ग काढत होता. १८७८ चा कायदा झाला तेव्हा बेडन-पॉवेलचं पारडं जड ठरलं. राखीव वन, संरक्षित वन आणि ग्रामवन असे तीन प्रकार आले. पहिल्या प्रकारात जे स्पष्ट परवानगीनं होईल तेवढंच चालेल. दुसऱ्यात जे स्पष्ट मनाई नसेल ते चालेल. तिसरा प्रकार, ग्रामवन, बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला. १९२७ चा भारतीय वन कायदा, जो अजून लागू आहे, त्यानं हीच रचना उचलली.

जमीनदारी जंगलं या रचनेच्या थोडी बाहेर होती, कारण ती सरकारची नव्हती. सरकार नियम घाले, पण मालक जमीनदार.

मग १९३६ चा एक आदेश येतो. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी तो मुळातून पाहायलाच हवा. १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली कोणते भाग ‘वगळलेले’ आणि कोणते ‘अंशतः वगळलेले’ त्याची यादी त्यात आहे. मध्य प्रांताच्या यादीत चांदा जिल्ह्यातलं पहिलंच नाव आहे सिरोंचा तहसिलीतली अहेरी जमीनदारी. पाठोपाठ गडचिरोली तहसिलीतल्या धानोरा, दुधमाळा, मुरुमगाव, रांगी, पोटेगाव अशा जमीनदाऱ्या. कलम ९२ म्हणत होतं की अशा भागाला कायदेमंडळाचा कोणताही कायदा आपोआप लागू होणार नाही. गव्हर्नरनं तसं जाहीर केलं तरच होईल.

आता याच्या शेजारी राज्यघटनेची पाचवी अनुसूची ठेवा, परिच्छेद ५. तिथे वाक्य उलटं झालंय. कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू असतोच. राज्यपालांनी ‘लागू नाही’ किंवा ‘अशा बदलांसह लागू’ असं जाहीर केलं तर वेगळं. आधी गप्प राहिलं की कायदा बाहेर थांबायचा, आता गप्प राहिलं की कायदा आत येतो. वसाहतीची वेगळेपणाची भिंत पाडायची होती, आणि आदिवासी भागांना देशाच्या कायद्याबाहेर ठेवणं हे इंग्रजांचं राजकारणही होतं, हे खरंच. पण नव्या रचनेत सगळा भार राज्यपालांनी हालचाल करण्यावर आला, आणि आपल्याकडचा अनुभव असा की ती हालचाल क्वचित झाली. अहेरी, एटापल्ली, सिरोंचा, धानोरा, कुरखेडा ही नावं १९८५ च्या अनुसूचित क्षेत्रांच्या आदेशात पुन्हा भेटतात. गडचिरोली जिल्हा तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होता.

आता १९५१. मध्य प्रदेशच्या विधानसभेनं ५ एप्रिल १९५० रोजी मालकी हक्क निर्मूलनाचं विधेयक मंजूर केलं. (विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत.) राष्ट्रपतींची संमती जानेवारी १९५१ मध्ये मिळाली आणि ३१ मार्च १९५१ हा दिवस ठरला. त्या दिवशी जमीनदाऱ्या, मालगुजाऱ्या राज्याकडे ‘निहित’ झाल्या. या कायद्याचं कलम ४ सावकाश वाचा. काय काय राज्याकडे गेलं त्याची लांबलचक यादी आहे: पडीक आणि लागवडीलायक जमीन, गवताळ रानं, झुडपी जंगल, जंगल, झाडं, मासेमारीच्या जागा, विहिरी, तलाव, पाण्याचे पाट, घाट, पायवाटा, गावठाणं, हाट, बाजार, मेळे. आणि जमिनीखालचं सगळं, खाणी-खनिजांसकट. पायवाट आणि मेळासुद्धा सुटलेला नाही! आणि हे सगळं ‘सर्व बोज्यांपासून मुक्त’ होऊन राज्याकडे जाणार.

बोजा म्हणजे आपल्याला सातबाऱ्यावरचं कर्ज आठवतं. पण विचार करा. जमीनदाराच्या जंगलावर गावाचा जो निस्तार होता, तो जमीनदाराच्या दृष्टीनं काय होता? त्याच्या मालकीवरची एक अडचणच. मालकी बोज्यांपासून मुक्त झाली, तर निस्तार उरला का?

हा प्रश्न कोर्टात कुणी नेला नाही. अहेरीचे जमीनदार गेले ते स्वतःच्या मालकीसाठी, आणि हरले. पाच न्यायमूर्तींच्या पीठानं १९५२ मध्ये कायदा वैध ठरवला. त्याआधीच पहिल्या घटनादुरुस्तीनं तो नवव्या अनुसूचीत बसवलेला होता. जमीनदारांनंतर दारात उभे राहिले ते ठेकेदार. १९५३ चा ‘छोटाभाई जेठाबाई पटेल’ खटला बघा. विडीच्या धंद्यातले लोक तेंदूपत्ता, लाख, लाकूड यांचे जमीनदारांशी आधी केलेले करार घेऊन आले होते. जमीनदारी गेली तरी आमचा पाला तोडण्याचा करार जिवंत आहे ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं. कोर्ट त्या वेळी ‘आहे’ म्हणालं. १९५९ मध्ये ‘महादेव विरुद्ध मुंबई राज्य’ खटल्यात कोर्टानं ते फिरवलं: पाला तोडायचा हक्क हा जमिनीतलाच हितसंबंध आहे, तो मालकाबरोबर राज्याकडे गेला.

मला हे दोन निकाल एकापाठोपाठ वाचताना फार विचित्र वाटतं. मध्य भारतातल्या त्या जंगलांच्या पाल्यावर कुणाचा हक्क, याचा देशातल्या सर्वोच्च न्यायालयात दोनदा कीस काढला गेला. पाला जंगम की स्थावर, करार नोंदवलेला की बिननोंदीचा. आणि उन्हाळ्यात पहाटे उठून तो पाला तोडणारं, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणारं माणूस त्या वादात कुठेच नाही. जमीनदारी निर्मूलन हा समतेचा कायदा होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कसणाऱ्याला त्यातून जमीन मिळाली. पण जंगलाच्या बाबतीत ‘कसणारा’ कोण हे त्या कायद्यानं विचारलंच नाही. मालक तेवढा बदलला.

पुढची वीस-तीस वर्षं पटकन सांगते. राज्याकडे आलेल्या जुन्या जमीनदारी-मालगुजारी जंगलांचे मोठे पट्टे १९२७ च्या कायद्याच्या कलम २९ खाली ‘संरक्षित वन’ जाहीर झाले. त्या कलमात म्हटलंय की आधी लोकांच्या हक्कांची चौकशी करून नोंद करा. त्याच कलमाला एक परंतुकही आहे: चौकशीला वेळ लागणार असेल आणि तोवर सरकारचे हक्क धोक्यात येतील असं वाटलं, तर आधी जाहीर करा, चौकशी नंतर. बऱ्याच ठिकाणी ते ‘नंतर’ आलंच नाही. परंतुकं वाचायची सवय लावून घ्या बरं का. कायद्याचा स्वभाव मुख्य वाक्यापेक्षा परंतुकात जास्त कळतो.

दुसरीकडे महसूल कायद्यात निस्तार जिवंत राहिला, पण त्याचा बाज बदलला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १६१. जिल्हाधिकारी गावाचं ‘निस्तार पत्रक’ तयार करतील. त्याची व्याख्या काय? बिनभोगवट्याच्या जमिनीच्या ‘व्यवस्थापनाची योजना’. वाजिब-उल-अर्ज रिवाज नोंदवत होता, निस्तार पत्रक योजना नोंदवतं. योजना करणारा ती बदलूही शकतो. बेडन-पॉवेल वारला होता १९०१ मध्ये, पण त्याचं म्हणणं असं हळूच मराठी फॉर्मात येऊन बसलं.

आणि बांबू. बांबू हे गवत आहे हे शाळेतलं पोरही सांगेल. १९२७ च्या कायद्याच्या व्याख्येत मात्र ‘झाड’ या शब्दात ताड, बांबू, खुंट, झुडपं आणि वेत येतात. झाड म्हटलं की इमारती लाकडाचे नियम, वनखात्याचा वाहतूक परवाना. गावात बुरूड टोपली-सूप करतो तो बांबू आणि कागद गिरणीला ट्रकनं जातो तो बांबू, दोन्ही ‘झाड’. या पट्ट्यातला बांबू कित्येक दशकं दीर्घ मुदतीच्या करारांनी बल्लारपूरच्या कागद गिरणीला जात राहिला. गावाला निस्तारापुरता बांबू, तोही मिळाला तर. १९९७ मध्ये महाराष्ट्रानं पेसाच्या अनुषंगानं अनुसूचित क्षेत्रातलं गौण वनोपज ग्रामपातळीवर सोपवण्याचा कायदा केला, तेव्हाही बांबू त्यात धरला गेला नाही. तो आला २०१४ मध्ये, राज्यपालांच्या अधिसूचनेनं. पाचव्या अनुसूचीच्या परिच्छेद ५ ची वर सांगितलेली ती क्वचित हालचाल, ती ही.

मध्ये एक गोष्ट घडली ती सांगायलाच हवी. १९८४ च्या सुमारास गोदावरी-इंद्रावतीवर इचमपल्ली आणि भोपालपटनम ही दोन मोठी धरणं बांधायचं चाललं होतं. ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ म्हणत लोक उठले. त्यात बाबा आमटे होते आणि अहेरीचे राजे विश्वेश्वररावही होते. तेच, ज्यांच्या नावानं खटला आहे ते. तेहतीस वर्षांपूर्वी जंगल माझ्या मालकीचं म्हणून कोर्टात गेलेला माणूस आता जंगल इथल्या लोकांचं म्हणून रस्त्यावर होता. धरणं झाली नाहीत. त्या आंदोलनातून तयार झालेली माणसं पुढे गावोगाव ग्रामसभेच्या कामाला लागली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा ज्या मेंढा (लेखा) गावामुळे सगळीकडे पोचली, ते गाव धानोरा तालुक्यातलं.

२००६ चा वनहक्क कायदा आता या पार्श्वभूमीवर वाचा. नाव जरा नीट पाहा: वनहक्कांची ‘मान्यता’ देणारा कायदा. हक्क आम्ही देतो असं तो म्हणत नाही. आधीपासून आहेत, नोंदवायचे राहिले, हा ऐतिहासिक अन्याय झाला, असं त्याच्या उद्देशिकेतच आहे. आणि कलम ४ म्हणतं की केंद्र सरकार हे हक्क ‘मान्य करून निहित करत आहे’. निहित! १९५१ च्या कायद्याचं कलम ४ आठवा. तोच शब्द, तोच कलम क्रमांक (हा निव्वळ योगायोग), दिशा उलटी. तेव्हा राज्याकडे निहित, आता वनात राहणाऱ्यांकडे.

पण माझ्या दृष्टीनं खरा दुवा कलम ३(१)(ख) मध्ये आहे. तिथे सामूहिक हक्कांमध्ये ‘निस्तार, मग त्याला कोणतंही नाव असो’ हे शब्द आहेत, आणि त्यापुढे स्पष्ट म्हटलंय की पूर्वीची संस्थानं, जमीनदारी किंवा अशा मध्यस्थ राजवटींत जे वापरात होते ते हक्कही यात धरायचे. म्हणजे १९५१ मध्ये ज्या जमीनदारीबरोबर हक्क बुडाला असं गृहीत धरलं गेलं, तीच जमीनदारी २००६ मध्ये त्या हक्काचा पुरावा झाली. याच कायद्यानं गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, झुडपं, खुंट, वेत घातले. १९२७ च्या ‘झाडा’च्या व्याख्येशी ताडून पाहा, जवळजवळ तीच यादी आहे! एका कायद्यात या वस्तू झाडाच्या रांगेत बसवून गावाकडून काढल्या, दुसऱ्यानं त्याच वस्तू त्या रांगेतून उठवून गावाला दिल्या.

व्याख्या बदलली म्हणून व्यवहार लगेच बदलत नाही, हे सांगायला मेंढा (लेखा)चं उदाहरण पुरेसं आहे. शेजारच्या मर्दा गावासोबत २००९ मध्ये मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे १,८०० हेक्टरांवर. असा हक्क मिळालेली ही देशातली पहिली गावं. तरी बांबू विकायला निघाल्यावर वाहतूक परवान्याचं पुस्तक वनखात्याकडेच. ते ग्रामसभेच्या हातात यायला २७ एप्रिल २०११ उजाडला, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना मुख्यमंत्र्यांसोबत गावात यावं लागलं. १९२७ च्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द गेला २०१७ मध्ये, आणि तोही वनाबाहेरच्या बांबूला मोकळं करण्यासाठी. आज एटापल्ली-भामरागडकडच्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. भाव एका वर्षी चढतो, दुसऱ्या वर्षी कोसळतो, ठेकेदार पैसे थकवतो, ग्रामसभांत हिशोबावरून भांडणं होतात. होऊ देत की. भांडायला आता हिशोब तरी आपल्याकडे आहे.

सगळ्यांनाच हा कायदा सारखा लागू पडत नाही, हेही पाहायला हवं. अनुसूचित जमातींसाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा पुरतो. इतर पारंपरिक वनवासींना तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. मुलचेऱ्याकडे पूर्व पाकिस्तानातून आलेली, सरकारनंच आणून वसवलेली बंगाली कुटुंबं आहेत. त्यांचा हिशोब १९३० पर्यंत जाणार कसा? या विषयावर कुणी नीट काम केलेलं मला हवं आहे.

आणि मग जमिनीखालचा प्रश्न. एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर आहे, लोहखनिजाचा. परिसरातल्या इलाख्याचा ठाकूरदेव त्याच डोंगरावर, जानेवारीत तिथे यात्रा भरते. सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्स कंपनीला मिळाला तो २००७ मध्ये. वनहक्क कायदा अंमलात आला ३१ डिसेंबर २००७ रोजी. वनजमीन वळती करण्याआधी ग्रामसभेची संमती हवी, हे केंद्राचं परिपत्रक ३ ऑगस्ट २००९ चं. नियमगिरीच्या निकालानं त्या संमतीला वजन आलं १८ एप्रिल २०१३ रोजी. या चार तारखा एका कागदावर ओळीनं लिहा. खाणीला गावांचा विरोध का आणि काहींचा पाठिंबा का (रोजगार हा खरा मुद्दा आहे, तो झटकून टाकू नका), यावर बोलण्याआधी हा क्रम समजायला हवा. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राच्या मंजुरीआधी संमतीची अट ठेवली नाही, ती जबाबदारी नंतर राज्याकडे ढकलली. पुन्हा ते ‘नंतर’.

गंमत म्हणजे २०१३ मध्येच सुप्रीम कोर्टानं केरळमधल्या ‘थ्रेसियाम्मा जेकब’ खटल्यात म्हटलं की जमिनीखालचं खनिज आपोआप सरकारचं होत नाही, कायद्यानं काढून घेतलेलं नसेल तर ते जमीनमालकाचंच. मलबारच्या त्या जमीनमालकांना याचा फायदा झाला. अहेरीत? इथे ते १९५१ मध्येच काढून घेतलेलं आहे. कलम ४, तीच यादी, ‘जमिनीखालचं सगळं’. त्या यादीतलं वरचं पान, बांबू, मोहफूल २००६ नं परत मिळालं. खालचं लोखंड मिळालं नाही, आणि वनहक्क कायदा ते देऊ करतही नाही.

परदेशातली तुलना करायची असेल तर दोन तारखा पुरतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १०७ क्रमांकाचा करार भारतानं १९५८ मध्ये मान्य केला. आदिवासींनी परंपरेनं वापरलेल्या जमिनीवरची त्यांची सामूहिक किंवा वैयक्तिक मालकी मान्य करा, असं त्याचं कलम ११ सांगतं. मान्य केला त्याच दशकात आपण जमीनदारी जंगलं संरक्षित वनं म्हणून जाहीर करत होतो. नंतरचा, अधिक ठाम असा १६९ क्रमांकाचा करार भारतानं स्वीकारलेला नाही.

आता तुमच्या कामाचं. वनहक्क नियमांतला नियम १३ पुराव्यांचा आहे. गॅझेटियर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे, वन चौकशीचे कागद हे पुरावे म्हणून चालतात. गावातल्या जाणत्या माणसाचं लिहून घेतलेलं निवेदनही चालतं, फक्त ती व्यक्ती स्वतः दावेदार नको. संशोधक म्हणून आपण जे ‘स्रोत’ म्हणतो, ते इथे एखाद्या गावाच्या दाव्याला जोडायचे कागद आहेत. तेव्हा अभिलेखागारात सापडलेली नोंद स्वतःच्या प्रबंधापुरती ठेवू नका. तिची नक्कल गावाला द्या.

शोधताना एक व्यावहारिक अडचण येते. ‘गडचिरोली जिल्हा’ म्हणून शोधलंत तर १९८२ च्या मागे काही मिळणार नाही. अहेरी, एटापल्ली, भामरागडची गावं जुन्या कागदांत ‘चांदा जिल्हा, सिरोंचा तहसील, अहेरी जमीनदारी’ खाली आहेत, आणि इंग्रजी कागदांत नावाचं स्पेलिंग बहुधा ‘अहिरी’ असं. गावांची नावं माडियातून तेलुगूत, तिथून इंग्रजीत आणि मग मराठीत आली आहेत, त्यामुळे एकाच गावाची तीन रूपं हाताशी ठेवा. १९५६ पूर्वीचा सरकारी पत्रव्यवहार मध्य प्रदेशचा, म्हणून नागपुरात हाती लागला नाही तर भोपाळचा रस्ता धरावा लागतो. तहसिलीत नुसतं ‘रेकॉर्ड’ मागू नका, ‘निस्तार पत्रक’, ‘वाजिब-उल-अर्ज’ आणि ‘बंदोबस्ताची मिसल’ ही तीन नावं वेगवेगळी लिहून अर्ज द्या. आणि जाणत्या माणसाशी बोलताना ‘तुमचा हक्क कुठपर्यंत होता’ असं विचारू नका. मोह वेचायला आजी कुठपर्यंत जायची, छपराचं गवत कोणत्या टेकडीवरून यायचं, शेजारच्या गावाची माणसं कोणत्या नाल्यावरून परत फिरायची, ते विचारा. गावाची शीव अशा उत्तरांतूनच कागदावर येते.